अनुभव धागा : पूर आलेल्या नदीकाठची सायकल सफर

नदी चढलेली असताना काठाकाठाने सफर केलेल्यांनी इथे लिहावं. किस्से राहू द्या. पाणी, रस्ता आणि सायकल यांबद्दल नेमकं सांगा.

*

मार्ग ठरवताना मुख्य नदीइतकेच तिला मिळणारे ओढे-नाले बघा. नदी चढली की नाल्याचं पाणी आत शिरायला जागा राहत नाही, ते मागे तुंबतं. या फुगवट्याला ना धार, ना आवाज. काठापासून बराच आतला रस्ताही गुपचूप बुडतो. वरच्या अंगाला धरण असेल तर निरभ्र आकाशावर भरवसा नको. प्रवाहाच्या दिशेने निघालात तर पुराचा माथाही (सर्वांत उंच चढलेलं पाणी) सोबत खाली सरकतो, आज चुकवलेलं पाणी उद्याच्या मुक्कामी गाठतं. उलट दिशेने तो एकदाच ओलांडावा लागतो.

*

मुक्कामी पोचल्यावर पाण्याच्या कडेला काठी रोवा आणि अर्ध्या तासाने बघा. नुसत्या नजरेला चढ-उतार कळत नाही.

*

पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वेगाची धार असेल तर 15 सेंटिमीटर पाणीही माणसाला पाडतं. पॅनिअर (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवायच्या पिशव्या) वॉटरप्रूफ असले तर आणखीच पंचाईत. 20 लिटरचे दोन पूर्ण बुडाले की पाण्याचा वर उचलणारा रेटा 40 किलोचा, आत सामान जेमतेम 12 किलो. मागचं चाक उचललं जातं आणि सायकल आडवी फिरते. वाहतं पाणी असेल तर परत फिरा. साचलेलं असेल तर पॅनिअर उतरवून आधी ते पलीकडे न्या, मग सायकल.

*

साचलेल्या पाण्याबद्दल इतकं निर्धास्त राहू नये. गढूळ पाण्याखाली गटाराचं झाकण जागेवर आहे की नाही, दिसत नाही. पुढे काठी टेकतच चाला. पुलाचंही तसंच: पूल शाबूत दिसतो, पण दोन्ही टोकांचा भराव खालून वाहून गेलेला असतो. डांबराला नवी भेग दिसली की थांबा.

*

आता सायकल. 700सी (सफरीच्या सायकलींचं नेहमीचं मोठं माप) चाकाचा आस जमिनीपासून साधारण 34 सेंटिमीटरवर, बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस ज्या बेअरिंगवर फिरतो तो भाग) 27 च्या आसपास. म्हणजे आधी बुडतं ते बॉटम ब्रॅकेट. 'सील्ड' बेअरिंगचं सील धूळ आणि शिंतोडे अडवतं, बुडवणं त्याला झेपत नाही. सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी करा, फ्रेममधलं पाणी निथळू द्या. क्रँक (पेडलचा दांडा) फिरवताना करकर लागली तर ग्रीसमध्ये गाळ गेलाय. साखळी आधी पुसून कोरडी, मगच तेल. ओल्या साखळीवर तेल ओतणं म्हणजे गाळाची चटणी वाटणं.

*

रिम ब्रेक (चाकाची कड दाबणारे) असतील तर रोज पॅडमधले खडे सुईने काढा, नाहीतर रिम खरवडली जाते. डिस्क ब्रेकवाल्यांनी (चाकाच्या मध्यावरची चकती दाबणारे) मेटॅलिक, म्हणजे धातूमिश्रित, पॅड घ्यावेत. रेझिनचे (मऊ, राळेत बांधलेले) गाळात भराभर झिजतात. मडगार्डमधली माती त्याच संध्याकाळी धुवा. रात्रीत वाळली तर सकाळी चाक फिरत नाही, आणि टोकरून काढताना मडगार्ड तडकतं.