घरातली टोमॅटो-मिरचीची रोपं करपायलीत, ऊष्णतेनं की खतानं?

गच्चीवरची_लातूरकर: नमस्कार मंडळी. बाहेर ४२ डिग्री आहे म्हणून यंदा रोपं घरातच केली, वरच्या पत्र्याच्या खोलीत, कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याचा भुसा) ट्रे आणि वर एलईडी ग्रो लाइट १६ तास. उगवण मस्त झाली पण आता २२ दिवसांची आहेत आणि पानं वर वळून पन्हाळीसारखी झालीत, खालच्या पानांच्या कडा तपकिरी, शेंड्याची पानं पिवळी पण शिरा हिरव्या. मला वाटलं उपाशी असतील म्हणून १९:१९:१९ खत (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) लिटरला ५ ग्रॅम, एक दिवसाआड दिलं, तर जास्तच बिघडलं. पाणी बोअरचं. कोकोपीटवर पांढरं मिठासारखं साचायलंय. मिरचीचं बी आईनं गावाकडून दिलेलं आहे, परत मिळायचं नाही. काय करू?

रोपवाटिका_जालना: ताई काहीच फेकू नका. दोन दुखणी एकदम आलीत. दुपारी ३ ला बघा आणि सकाळी ७ ला परत बघा, सकाळी पान सरळ झालं तर ते वळणं ऊष्णतेचं. कडा जळाल्यात ते मात्र क्षाराचं. ५ ग्रॅम लै झालं, एवढ्याशा रोपाला लिटरला अर्धा ग्रॅम, ते पण आठवड्यातून एकदा. बोअरच्या पाण्यात आधीच क्षार, त्यात खत, आणि गरमीनं पाणी उडून जातं पण क्षार तिथंच राहतो, मग कोकोपीट ओलं असून पण मुळाला पाणी ओढता येत नाही. आरओचं प्यायचं पाणी घ्या (वेस्ट पाइपचं नको, त्यात क्षार अजून जास्त) आणि खालून निथळेपर्यंत हळूहळू ओता, असं तीनदा. निथळलेलं पाणी ट्रेखाली थांबू देऊ नका. ७ दिवस खत बंद.

पिवळ्या पानाचं म्हणाल तर आपल्याकडं चुनखडीच्या रानात सोयाबीन पिवळं पडतं ना, तेच हे. जड पाण्यानं सामू (पीएच) वाढतो, लोह असूनही रोपाला घेता येत नाही. धुतल्यावर पण नवं पान पिवळंच आलं तर चिलेटेड लोह (रोपाला सहज घेता येईल असं बांधलेलं लोह) अर्धा ग्रॅम लिटरला, संध्याकाळी फवारा.

परभणीकर_८८: कोकोपीटची वीट धुवून घेतली होती का? न धुतलेल्यात सोडियम, पोटॅश भरपूर असतं. आणि खोली आधी बदला, पत्र्याखाली कितीही पाणी घाला उपयोग नाही. थर्मामीटर पानाच्या उंचीवर ठेवून बघा, खोलीच्या भिंतीवर नाही. मी लाइट रात्रीच लावतो, संध्याकाळी ७ ते सकाळी ११, दुपारी पूर्ण बंद, म्हणजे लाइटची गरमी आणि दुपारची गरमी एकत्र होत नाही.

गच्चीवरची_लातूरकर: वीट नुसती भिजवली होती हो, धुतली नव्हती.

पाच दिवसांनी लिहायलेय. खाली स्लॅबच्या खोलीत आणले, लाइट रात्री. शेजारच्यांकडून टीडीएस मीटर (पाण्यातले क्षार मोजायचा) आणला, बोअर ११४०, आरओ ७०, आणि ट्रेमधून पहिल्यांदा निथळलेलं २३००! तिसऱ्या वेळी ४५० वर आलं. पानं सकाळी सरळ असतात, दुपारी थोडी वळतात. मिरचीची ४ गेली, बाकीच्यांना नवं पान हिरवं आलंय. जळालेल्या कडा तशाच आहेत, ती पानं काढू का?

रोपवाटिका_जालना: राहू द्या. कडा भरून येत नाहीत पण पान अर्धं हिरवं आहे तोवर रोपाला जेवण तेच घालतंय. शेंड्याकडं लक्ष ठेवा.