गाडीतल्या मागच्या सीटबेल्टची क्लिप सापडते का बघा

"वेग आवरला की झालं, मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, पुढची सीट असतेच की आडवी" असं वर कुणीतरी लिहिलंय. वेगाचं शंभर टक्के मान्य, पट्ट्याचं नाही. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनी पट्टे लावले नव्हते. ताशी 60 वर थेट आदळणं म्हणजे साधारण 14 मीटरवरून, चौथ्या मजल्यावरून पडणं. मागे पट्टा नसलेल्याचं ते वजन पुढच्याच्याही पाठीवर येतं.

त्यानंतर मी घरच्यांना मागेही पट्टा सक्तीचा केला, तर पट्टा होता, क्लिपच सापडेना! सीट कव्हर बसवणाऱ्याने तिन्ही क्लिपा कव्हरखाली गाडून टाकल्या होत्या. "मागे कोण लावतं साहेब?" हे वर. शेवटी ब्लेडने कापून बाहेर काढल्या. आत वेफर्सचा चुरा आणि 2 रुपयांचं नाणं. भाड्याच्या गाड्यांत तर हे सर्रास दिसतं. बसल्या बसल्या सीटच्या फटीत हात घालून बघा, मिळाली नाही तर ड्रायव्हरला थांबवून काढायला लावा. तोंड वाकडं करतो, पण काढतो.