"प्रत्येक सॉफ्टवेअरला फुकट पर्याय आहे" हे कुणाच्या जिवावर सांगता?

खिळेजुळारी:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, "विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशिन भंगारात घालू नका, विंडोजच्या जागी फुकटचं लिनक्स टाका, अर्ध्या तासात कामाला लागा. प्रत्येक सॉफ्टवेअरला फुकट पर्याय आहे." वाचून डोकं फिरलं. माझा छोटा ऑफसेट प्रेस आहे, लग्नपत्रिका आणि हँडबिलं. पेनड्राइव्हवरून मिंट नावाचं लिनक्स लावलं, एक जुनी पत्रिका उघडली, तर "श्री गजानन प्रसन्न"च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! वीस वर्षांचा मजकूर पेजमेकर ७ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये पडलाय. ती आवृत्ती २००१ ची, आठवी कधी आलीच नाही. याला पर्याय सांगा.

मिंटप्रेमी:
ते मीच लिहिलं होतं. फाइल उघडली ना? फुकटचं लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरची फाइल वाचतं. दुखणं तुमच्या युनिकोडपूर्व फॉन्टचं आहे. (युनिकोड म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे एकच असलेली पद्धत.) तो फॉन्ट नसलेल्या विंडोजवरही हीच खिचडी दिसेल. नवं काम स्क्रायबस या पानं लावायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये करा. २०२४ च्या १.६ पासून त्यात देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळतात, छपाईच्या चार रंगांतली (सीएमवायके) पीडीएफ निघते.

खिळेजुळारी:
फॉन्ट डोंगलवर चालतो, म्हणजे मशिनला खोचायच्या परवान्याच्या किल्लीवर. डोंगलचा ड्रायव्हर फक्त विंडोजचा. झालं समाधान?

रोजकीर्द:
आमच्याकडे हिशेबाला टॅली. ते लिनक्ससाठी येत नाही. वाईनमध्ये (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअरं चालवायची सोय) चालवा म्हणणाऱ्यांनी रिटर्नच्या शेवटच्या दिवशी माझ्या खुर्चीत बसून दाखवावं.

कानामात्रा:
मूळ रोग वेगळाच आहे. इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड शिकायचा कंटाळा! विंडोज असो की लिनक्स, कळा त्याच. "वाऱ्यावर"मधला ऱ्य हवा? शिफ्ट-जे, डी, मग य. मी पंधरा दिवसांत शिकले. तुम्ही लोक वीस वर्षं फॉन्टवाल्यांच्या दावणीला बांधून घेतलंत, आता लिनक्सला शिव्या कशाला?

खिळेजुळारी:
ताई, माझा ऑपरेटर बावन्न वर्षांचा आहे. टाइपरायटरवर मराठी चाळीसची परीक्षा दिलेला, मान वर न करता पान लावतो. त्याला इनस्क्रिप्टवर बसवलं तर मे महिन्याची लग्नसराई बुडेल. कंटाळा म्हणू नका. आम्ही ते फॉन्ट घेतले तेव्हा युनिकोडमधलं मराठी छापण्याजोगं दिसत नव्हतं.

कानामात्रा:
कंटाळा हा शब्द मागे घेते. पण युनिकोड नाही म्हणून तुमचाच मजकूर तुम्हाला शोधता येत नाही, हे कबूल करा.

मिंटप्रेमी:
जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा कन्व्हर्टर वापरा. एकदा बदललं की कायमचं सुटलात.

खिळेजुळारी:
वापरलाय! जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं साठवतात. कन्व्हर्टर एक जरी जागा चुकला तरी "कुलकर्णी"चं "कुलकणीर्" होतं. एका पत्रिकेत नवऱ्या मुलाचं आडनाव असंच गेलं. पाचशे प्रती फिरून छापून दिल्या, पदरचा कागद घालून. नवरीचे वडील दारात उभे होते तो चेहरा मला अजून दिसतो.

मिंटप्रेमी:
हे मला माहीत नव्हतं. "अर्ध्या तासात" मागे घेतो. लिनक्स मागे घेत नाही.

रोजकीर्द:
म्हणजे टॅलीचं उत्तर नाहीच.

मिंटप्रेमी:
नाही. टॅलीचं मशिन विंडोजवरच ठेवा.

खिळेजुळारी:
मी इतकंच करतोय: डोंगलचं मशिन नेट काढून जुन्या फायलींपुरतं. दुसऱ्यावर मिंट आणि स्क्रायबस, नव्या पत्रिका मुक्ता फॉन्टात. पहिली काल लावली. रफार तीनदा तपासला.