रेसिडेन्सीवरचे कलाकार आणि 'लोकसहभाग', नक्की कोणाचं काम?

तिरपी_रेघ: महिनाभराच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे एखाद्या ठिकाणी राहून काम करायला, कलाकार येतो, वस्तीतल्या लोकांकडून गोष्टी ऐकून घेतो, पोरांकडून भिंत रंगवून घेतो, शेवटी ओपन स्टुडिओ, म्हणजे केलेलं काम लोकांना बघायला खुलं, आणि टाटा. कॅटलॉगमध्ये नाव त्याचं, खाली बारीक अक्षरात 'स्थानिकांच्या सहकार्याने'. मानधनाचं तर विचारूच नका. याला सहभाग म्हणायचं का? मला तर हा पाहुणचार वाटतो, तोही एकतर्फी.

काडीपेटी: सरसकट झोडपताय राव. अमेरिकन कलाकार मिअर्ल लॅडरमन युकेलीस १९७७ पासून न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात रेसिडेन्सीवर, तीही बिनपगारी. १९७९-८० मध्ये ती शहरभर फिरून ८,५०० सफाई कामगारांशी हात मिळवत गेली, प्रत्येकाला म्हणायची शहर जिवंत ठेवल्याबद्दल थँक्यू. बाहेरचं कोणी आलं म्हणूनच झालं ना हे?

तिरपी_रेघ: अहो पण ती तिथे कित्येक दशकं राहिली! तुम्ही तर माझाच मुद्दा मांडलात. मी महिन्याभरवाल्यांबद्दल बोलतोय.

दुपारची_झोप: नवज्योत अल्ताफचं उदाहरण घ्या की. मुंबईची चित्रकार, १९९७ पासून बस्तरमधल्या कोंडागावला जाऊन काम करतेय, राजकुमार कोर्राम, शांतिबाई अशा तिथल्याच कलाकारांच्या बरोबरीने. त्यांचं 'नलपार' म्हणजे हापशाभोवतीची जागा, भरलेलं भांडं आधी कट्ट्यावर टेकवायचं आणि मग डोक्यावर घ्यायचं अशी सोय, कंबर वाचते. आता यात शिल्प कुठे संपलं आणि हापसा कुठे सुरू झाला ते सांगा बघू.

काडीपेटी: मस्तच आहे, पण हापशाची सोय बघणं पंचायतीचं काम. उद्या प्रत्येक कलाकाराने गटारं बांधायची का? आधीच अनुदानाच्या फॉर्मात किती लोक सहभागी झाले असा रकाना असतो, मग माणूस चित्र सोडून डोकी मोजत बसतो. काही लोकांना नुसतं चार दिवस शांतपणे बघायचं असतं, तेही करू द्या की.

तिरपी_रेघ: बघा ना, कोण अडवतंय. फक्त मग 'सहभाग' लिहू नका, 'मी बघितलं' लिहा.

मधली_सुट्टी: मी पलीकडच्या बाजूची. एका कलाकाराने माझ्या आईच्या लहानपणीच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या, माणूस चांगला होता, रोज येऊन बसायचा. प्रदर्शनात हेडफोन लावून आईने ऐकलं आणि म्हणाली, अगं हे मधलं कापलंय, मी भांडणाचं पण सांगितलं होतं की. नाव कुठेच नव्हतं, त्याचं तिला काहीच वाटलं नाही खरं तर, मलाच राग आला.

काडीपेटी: मग तुमच्या मते त्याने यायलाच नको होतं?

मधली_सुट्टी: नाही हो, आईला आवडायचं त्याच्याशी बोलायला. फक्त तिने आख्खं रेकॉर्डिंग मागितलं होतं, पाठवतो म्हणाला, अजून आलेलं नाही.