खाणीच्या कडेला वरच्या मातीचा बर्म (लांबट उंच बांध) घालावा का? आणि त्यावरच्या तणाचं काय करायचं?

मूळ पोस्ट:
सरळ मुद्द्यावर येतो. ग्रॅव्हलच्या खाणीत खोदकामाआधी जी वरची माती काढतात, तीच कडेला लोटून चार-चार मीटरचा बर्म घालायचा आणि म्हणायचं माती पण साठली, आवाज-धूळ पण अडली, हे थांबलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. सहा वर्षं जुना असा एक बर्म फोडताना मी तिथंच उभा होतो. वरची वीतभर माती झकास, मुळं, गांडुळं, सगळं. पोकलेनचं बकेट आत गेलं तशी करडी-निळसर माती निघाली, सडक्या अंड्यासारखा वास, आतपर्यंत हवाच पोचली नव्हती. तीच माती भरलेल्या खड्ड्यावर पसरली आणि दोन पावसाळे तिथं धड गवत धरलं नाही. वरची माती वेगळी, खालची वेगळी, ढीग दोन मीटरच्या आत आणि लगेच बी टाकायचं. बर्म करायचा तर खालच्या भरावाचा, म्हणजे वरच्या मातीच्या खाली निघणाऱ्या मालाचा करा.

डोझरवाला:
बोलायला सोपं आहे हो, जागा कुठून आणायची? आणि भराव भराव म्हणताय, आमच्याकडे वीत-दीड वीत माती गेली की खाली डायरेक्ट गोटे न वाळू, मधे काही नाहीच. उंची कमी केली तर आवाज कसा अडणार? क्रशर आणि समोरचं घर यांच्यातली सरळ नजर तुटली तरच फरक पडतो, तेव्हा कुठे पाचेक डेसिबल कमी होतात. दोन मीटरच्या ढिगानं काही होत नाही.

मूळ पोस्टवाला:
जागेचा हिशोब करूनच बोलतोय. एका हेक्टरवरची २० सेंटीमीटर माती म्हणजे २००० घनमीटर (खोदल्यावर माती सैल होऊन फुगते तो फुगवटा सोडून देऊ). उतार एकास दोन (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं) धरला, तर ४ मीटर उंच, माथा २ मीटर असा बर्म साधारण ९०० चौरस मीटर खातो. २ मीटर उंच, माथा ४ मीटर केला तर १५००. म्हणजे फरक ६०० चौरस मीटरचा, हेक्टरमागे ६ टक्के जागा, आणि तेवढ्यासाठी सगळी माती कुजवायची? आवाजाचं तुमचं बरोबर आहे, तिथं उंची लागतेच. पण चाळणीवरचे मोठे गोटे, रिजेक्ट माल पडूनच असतो ना, त्याचा गाभा करा आणि वर फक्त फूटभर माती चढवा. त्याहून चांगलं म्हणजे खोदून झालेल्या भागावर नवीन काढलेली माती थेट पसरत जा, साठवायची भानगडच नको.

बांधाशेजारचा:
तुमचं उंचीचं चालू द्या, माझं दुखणं तणाचं आहे. माझं शेत अशा बर्मला लागून आहे. गाजर गवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येतं, एकेका झाडाला हजारोंनी बी, ते वाऱ्यानं, पाण्यानं आणि डंपरच्या टायरला चिकटून सगळीकडे जातं. फुलाच्या आधी उपटा एवढंच मागणं आहे. हातमोजे घालून, नाहीतर अंगाला खाज सुटते. बी पडल्यावर कापून काय उपयोग?

डोझरवाला:
उपटायला माणसं कुठायत. ग्लायफोसेट तणनाशक मारलं की काम फत्ते.

मूळ पोस्टवाला:
फत्ते कसलं? ग्लायफोसेट उभं झाड मारतं, मातीतल्या बियांना काही होत नाही. उलट बर्म उघडा पडला की पहिल्याच जोराच्या पावसात घळी पडतात आणि त्याच उघड्या जागेत तेच तण परत येतं. शिवाय खाणीत पाणी गाळणारा मातीचा थरच आपण काढलेला असतो, खाली गोटे-वाळू, त्यामुळे वर जे मारू ते भूजलापर्यंत लवकर पोचायची भीती. ताग किंवा धैंचा दाट पेरा, तणाला ऊनच मिळू देऊ नका. पहिल्या वर्षी राहिलेलं हातानं काढावं लागेल, त्याला इलाज नाही.

पोकलेन ऑपरेटर:
एक माझं ऐका, उंची न तण नंतर. ओली माती हलवू नका, अर्धं नुकसान तिथंच होतं. चिमूटभर माती तळहातावर वळून बघा, ३ मिलीमीटर जाडीची अखंड वळी होत असेल तर मशीन बंद ठेवायचं. मला मात्र गाड्या उभ्या राहतात म्हणून ओल्यातच काढायला सांगतात, मग डोझर त्यावरनं चार फेऱ्या मारतो आणि माती दगडासारखी दाबली जाते. आणि खड्ड्याच्या अगदी ओठावर ढीग रचू नका, कड खचते, मी बघितलंय. रस्त्याच्या कडेचा सेफ्टी बर्म वेगळाच, तो सगळ्यात मोठ्या गाडीच्या ॲक्सलइतका तरी उंच आणि कठीण मालाचा पाहिजे, वरच्या मातीचा केला तर डंपर त्यातनं आरपार जाईल.

डोझरवाला:
वळीचं आणि ओठाचं पटलं. रिजेक्टचा गाभा घराच्या बाजूला करून बघतो, तो माल नाहीतरी पडूनच आहे. पण फवारणी मी सोडणार नाही, निदान गेटपासून वजनकाट्यापर्यंतच्या पट्ट्यात तरी, कारण टायर तिथूनच जातात आणि तिथं ताग पेरून टिकणार नाही.

बांधाशेजारचा:
त्या पट्ट्यापुरतं चालेल, पण फुलाच्या आधी मारा. आणि माझ्या बाजूच्या उतारावर धैंचाचं बी मी स्वतः टाकतो, तेवढी आत यायची परवानगी द्या.