मदत हवी आहे: दोन रात्रींच्या शहर-सहलीत खरेदी कधी उरकावी?

नवरा-बायको दोघंच, शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. हॉटेल क्लबांच्या भागातच घेतलंय, म्हणजे मध्यरात्रीनंतर टॅक्सी शोधत फिरायला नको. आवाज येऊ नये म्हणून खोली मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची मागितली आहे. मोठं जेवण शनिवारी साडेआठला आरक्षित. क्लब अकराआधी रंगत नाहीत, त्यामुळे निवांत जेवता येईल.

अडतंय ते खरेदीपाशी. रविवारी दुकानं बऱ्याच ठिकाणी उशिरा उघडतात, काही शहरांत उघडतच नाहीत, आणि कपडा मापाचा निघाला नाही तर बदलायला वेळ उरत नाही. शनिवारी दिवसभर फिरलो तर रात्री नाचायला पायच उरणार नाहीत! शनिवारी दुकानं उघडताच तीन तासांत आटोपावं आणि दुपारी झोप काढावी, की शुक्रवारी संध्याकाळीच बाजार गाठावा? जाणकारांनी कृपया सांगा.