मेंढरांच्या वाड्यासाठी हलका फोल्डिंग निवारा: फायबर, बांबू की नुसती जाळी? आणि गवताच्या एनर्जीचा हिशोब

सांगोलेकर_मेकॅनिकल
नमस्कार मंडळी. सोलापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव सांगोला तालुक्यात. माझ्या मामांचा मेंढरांचा वाडा आहे, लहानमोठी धरून दोनशेच्या आसपास मेंढरं. दिवाळी झाली की बाहेर पडतात आणि पाऊस लागला की परत माळावर येतात. प्रोजेक्टसाठी मला नव्या जन्मलेल्या कोकरांना फोल्डिंग निवारा बनवायचाय, दुपारचं ऊन आणि वळवाचा पाऊस दोन्ही झेलणारा. अट एकच, तो घोड्यावर गेला पाहिजे. घोड्यावर आधीच सगळं बिऱ्हाड असतं त्यामुळं माझ्या वाट्याला वीसेक किलो येतं त्याच्यावर नाही. गाईड सर म्हणतात फायबरग्लासचे सँडविच पॅनल (दोन पातळ थरांमध्ये हलका फोम) कर, भिंती पण आणि छत पण.
दुसरी गोष्ट अशी की सरांनी रिपोर्टमध्ये चराईतल्या ऊर्जाप्रवाहाचं एक प्रकरण घालायला सांगितलंय. पुस्तकात दहा टक्क्यांचा नियम आहे, म्हणजे गवतातली दहा टक्के ऊर्जा मेंढरात येते म्हणे. आपल्या माळाला हे लागू पडतं का? आणि निवारा हलका केला तर त्या हिशोबात खरंच काही फरक पडतो की उगाच दोन विषय एकत्र शिवायचे? मामांना उपयोग झाला पाहिजे, नुसते मार्क नकोत.

फायबरवाला_चिंचोळी
भाऊ, पंधरा वर्षं फायबरच्या कामात आहे त्यामुळं पॅनलचं मी सांगतो. सर म्हणतात ते तत्त्व एकदम बरोबर आहे. चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या काचेच्या धाग्यांच्या मॅटचा एक थर रेझिन धरून साधारण दीड किलो प्रति चौरस मीटर बसतो, जाडी एक मिलिमीटर. असे दोन थर एकमेकांना चिकटवले तर दोन मिलिमीटरचा लवलवीत पत्रा होतो. तेच दोन थर २५ मिलिमीटर पफच्या (पॉलियुरेथेन फोमच्या) दोन बाजूंना लावले की कागदावर वाकण्याचा विरोध ५०० पट वाढतो, आणि वजन वाढतं फक्त किलोभर. प्रत्यक्षात पफ थोडा सरकतो त्यामुळं तेवढा मिळत नाही, तरी खूप मिळतो. चार किलोत एक चौरस मीटर पॅनल, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या लोखंडी पत्र्याएवढंच वजन.
आता दोन गोष्टी नीट ऐक. एक, आत थर्माकोल घालू नको. पॉलिस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं, ते थर्माकोल खाऊन टाकतं, हात फिरवता फिरवता खड्डा पडतो. पफ घे नाहीतर एपॉक्सी रेझिनवर जा, पण एपॉक्सी महाग पडतं. दुसरं, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचं नाही, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये घालून पूर्ण घोटायचं, मग हार्डनर. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पोरं घाई करतात म्हणून मुद्दाम लिहितोय.
पण भिंत आणि छत पॅनलचं करू नको असंच मी म्हणेन. वाऱ्याचा दाब काढ, वेगाचा वर्ग गुणिले ०.६. वळवाच्या आधी वावटळ येते त्यात सेकंदाला ३० मीटर धरलास तर चौरस मीटरला ५४० न्यूटन, म्हणजे ५५ किलोचा जोर. आठ फूट बाय चार फूट पॅनलवर दीडशे किलोच्या वर जोर येतो आणि पॅनलचं स्वतःचं वजन बारा किलो. ते उडणार, आणि उडताना जनावराला नाहीतर माणसाला लागणार. मग धरून ठेवायला मेखा, तारा, अँगल आले, वीस किलो तिथंच संपले.

मानवेल
वरच्या दादांशी सहमत. खांबांचं मी सांगतो, बांबूची कामं करतो. बरेच जण लोखंडी पाइपाऐवजी फायबरचा पाइप सुचवतील, ३८ मिलिमीटर व्यासाचा ३ मिलिमीटर जाडीचा. मीटरला ६०० ग्रॅमच्या थोडा वर, लोखंडाच्या चौथा हिस्सा. ऐकायला भारी वाटतं पण फायबरचा ताठपणा लोखंडाच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढाच, तेवढ्याच मापाचा पाइप घेतला तर तेवढ्या पट जास्त झुकणार. आता ४० मिलिमीटरची पक्की वाळलेली बांबूची काठी घे, भिंत ८ मिलिमीटर. वजन मीटरला साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास, आणि तिचा वाकण्याचा विरोध त्या फायबरच्या पाइपापेक्षा जास्तच येतो कारण बांबू हलका, त्यामुळं तेवढ्याच वजनात भिंत जाड मिळते. बांबू हा मुळातच कंपोझिट आहे, सेल्युलोजचे धागे लिग्निनमध्ये बसवलेले, आणि धागे सगळ्यात दाट कुठं तर बाहेरच्या सालीजवळ, जिथं ताण सगळ्यात जास्त तिथंच.
बांबू मरतो तो दोन ठिकाणी. बोल्टच्या भोकातून उभा चिरतो, आणि भुंगा पोखरतो. भोक पाडूच नकोस. जोडाच्या जागी ग्लास टेपचे दोन-तीन फेरे रेझिनमध्ये भिजवून आवळ आणि वरून पाइपाची टोपी बसव, मग चीर पुढं सरकत नाही. भुंग्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात काठ्या मुरवायच्या, पण ते पाणी मेंढरांच्या तोंडाला लागू देऊ नको आणि काठ्या पूर्ण वाळल्यावरच वाड्यावर ने. रेझिन उन्हात पांढरं पडून धागे वर येतात त्यामुळं टेपवर रंगाचा हात हवाच, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला असतो.

माळढोक_मित्र
ऊर्जेचा भाग मी घेतो. नान्नजच्या (सोलापूरजवळच्या माळढोक अभयारण्याच्या) माळावर बरीच वर्षं फिरतोय, आणि हा प्रश्न कुणी मेंढपाळाच्या घरातून विचारतंय याचा फार आनंद झाला.
दहा टक्क्यांचा नियम लिंडमन या शास्त्रज्ञाच्या १९४२ च्या पेपरातून पुढं आला, तो अभ्यास तलावातल्या जीवांचा होता. मेंढरासारख्या उष्ण रक्ताच्या जनावराला तो तसाच लावू नको. आपण सोलापूरचा हिशोब मांडू, आकडे अंदाजाचे आहेत पण प्रमाण बरोबर येतं.
आपल्याकडं ऊन भरपूर. चौरस मीटरला दिवसाला साडेपाच युनिट धर, म्हणजे २० मेगाज्यूल. हेक्टरला वर्षाला सात कोटी मेगाज्यूलच्या वर. आता चांगल्या राखलेल्या माळावर पवन्या, मारवेल, डोंगरी गवत मिळून हेक्टरी दोन टन सुकं गवत आलं तर त्यात ३६,००० मेगाज्यूल. म्हणजे उन्हाच्या दहा हजार भागांतले पाच. ऊन कमी पडत नाही, पाणी कमी पडतं. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि तोही बेभरवशाचा, गवत वर्षातले काही महिनेच हिरवं असतं. आणि जिथं माळ बोडका झालाय, नुसती कुसळी उरलीय, तिथं हे निम्म्यावर येतं.
आता ३० किलोची मेंढी घे. दिवसाला किलोभर सुकं गवत खाते म्हणजे १८ मेगाज्यूल पोटात गेले. निम्मे लेंड्यांतून बाहेर. उरलेल्या नऊमधून लघवी आणि मिथेन मिळून दीडेक मेगाज्यूल जातात, मिथेन तर ती ढेकरेतून सोडते. हातात राहिले साडेसात. नुसतं जगायला, म्हणजे श्वास, रक्त, अंगाची ऊब राखायला साडेपाच लागतात. सपाटीवर दहा किलोमीटर चालली की पाऊण मेगाज्यूल आणखी गेला, चढ असेल तर त्याहून जास्त. शिल्लक सव्वा. आणि शिल्लक सगळी अंगाला लागत नाही, त्यातली चाळीस टक्के धर, अर्धा मेगाज्यूल. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वजन वाढलं तर वाढलं. १८ मधला अर्धा, म्हणजे तीन टक्क्यांच्या आत.
एप्रिल-मेमध्ये गवताची पचनीयता चाळीस टक्क्यांवर आली की हातात साडेपाच-सहाच राहतात, मग चालण्याची ऊर्जा मेंढी स्वतःच्या चरबीतून काढते. मामांना विचार, उन्हाळ्यात मेंढरं का झडतात ते त्यांना आकड्याशिवाय माहीत आहे.
आता तुझा दुसरा प्रश्न. निवारा हलका असण्याचा उपयोग ह्या शिल्लकीत आहे. जड निवारा म्हणजे मुक्काम एकाच जागी, मग गवत रोज लांब जातं. रोजची चार किलोमीटर चाल वाचली तर ०.३ मेगाज्यूल वाचतात. एकूण १८ मध्ये ते काहीच वाटत नाही, पण सव्वाच्या शिल्लकीत तो चौथा हिस्सा आहे! शिवाय मुक्काम लवकर हलला की माळाला दम मिळतो. निम्मं खायचं निम्मं ठेवायचं, हे पाळलं तर हेक्टरला वर्षभरात अडीच-पावणेतीन मेंढरं बसतात, दोनशे मेंढरांना सत्तर-पंच्याहत्तर हेक्टर चांगला माळ हवा. तेवढा सलग माळ आता कुठं राहिलाय? काही शेतात गेला, काही ठिकाणी गवतावर खड्डे काढून ग्लिरिसिडियाची झाडं लावली. माळ म्हणजे पडीक, ही समजूत जोपर्यंत सरकारी कागदातून जात नाही तोपर्यंत मेंढरांचं आणि काळविटांचं दोघांचंही अवघड आहे. हे तुझ्या रिपोर्टमध्ये एक परिच्छेद का होईना लिही.

वाड्याची_लेक
मी वाड्यावरच वाढले, आता पंढरपुरात असते. दादांनी हिशोब फार छान मांडला, आमच्या आबांना वाचून दाखवला. ते म्हणाले लेंड्यांचं पुढं काय होतं ते पण लिहा, निम्मी ऊर्जा त्यात जाते ना. ज्वारी निघाली की शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, रात्रभर वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडली की सकाळपर्यंत लेंडी आणि मूत दोन्ही जमिनीत. त्याचे पैसे नाहीतर धान्य मिळतं. ऊर्जा किडा-मुंगीत खपून जाते पण नत्र तिथंच राहतं, माळावरचं गवत दिवसा पोटात येतं आणि रात्री दुसऱ्याच्या रानाचं खत होतं. त्यामुळं निवारा रोज उचलता येणं हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, आमची कमाई त्याच्यावर आहे.
आता कोकरांचं. उन्हाला भिंत नको, दुपारी वारा लागला पाहिजे. तुम्ही बघितलं असेल, मे महिन्यात मेंढरं भर उन्हात गोल करून उभी राहतात आणि एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालतात, सावली डोक्यालाच हवी असते त्यांना. डाळिंबाच्या बागांवर टाकतात तशी शेडनेट चालेल, दोन थर, मध्ये वीतभर फट. खरी कोकरं दगावतात ती ओल्या जमिनीवर. वळीव पडला की रात्रभर अंगाखाली चिखल, पोटाकडून गारठतात, सकाळी पाय ताणून पडलेली दिसतात. त्यामुळं पॅनल करायचंच तर छताचं नको, खालच्या फळीचं करा. लांडग्यासाठी वेगळं काही नको, वाघर आणि कुत्री आहेतच. वाघरीची जाळी सैल असते म्हणून वाऱ्यात टिकते, ताठ केली की फाटते.

सांगोलेकर_मेकॅनिकल
ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. फळीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मामांना फोन केला तर तेही हेच म्हणाले. आता डिझाइन असं करतोय: दोन मीटरच्या सहा काठ्या, पावणेसात किलो. शेडनेटचे दोन थर मिळून दोन किलो. पावसाला वरून टाकायला मामांकडं ताडपत्री आहेच ती धरत नाही. खाली एक मीटर बाय साठ सेंटिमीटरच्या चार फळ्या सँडविचच्या, दहा किलोच्या आत. दोऱ्या आणि मेखा दीड-दोन किलो. वीसच्या आसपास बसतंय. आठ-दहा नवी कोकरं मावतील. फळ्या घोड्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन लागतील म्हणून लांबी एक मीटर ठेवली. काही चुकतंय का?

फायबरवाला_चिंचोळी
माप बरोबर आहे, पण खुराचा हिशोब कर. कोकरामागं मेंढी आत शिरणार हे धरूनच चाल. ३० किलोची मेंढी चालताना एका खुरावर पंधरा किलो आले, खुराची टेक पाचेक चौरस सेंटिमीटर, म्हणजे दाब ०.३ मेगापास्कलच्या जवळ. ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो) पफ ०.२ ला चेपायला लागतो. वरचा थर दाब थोडा पसरवतो पण एक मिलिमीटर मॅट कमी पडेल. वरच्या बाजूला मॅटचे दोन थर दे, खाली एकच ठेव. फळीमागं किलोभर वाढेल, चार किलो जास्त, ते वाचवायला चारऐवजी तीन फळ्या कर.
कडा उघड्या ठेवू नको. मूत आणि पाणी कडेनं आत शिरलं की पफ आणि थर सुटतात. चारी बाजूंनी मॅट दुमडून बंद कर. शेवटचा हात ओला असतानाच वर चाळलेली बारीक वाळू भुरभुर, नाहीतर ओल्या फळीवर कोकरांचे पाय फाकतात. आणि रेझिन सुकलं म्हणून लगेच नेऊ नको, दोन-तीन दिवस उन्हात तापू दे, वास पूर्ण गेला पाहिजे. नेण्याआधी एक रुपयाचं नाणं घेऊन सगळ्या फळीवर ठोकत जा. जिथं आवाज बोद येईल तिथं थर चिकटलेला नाही, तेवढा तुकडा कापून परत भर. पॅनल टाकायच्या दिवशी फोटो टाक, रेझिनचं प्रमाण बघून सांगतो.